तळ दिसेपर्यंत

गुरुवारी दुपारी पुण्याच्या डॉक्टरांनी त्या दिवशीच्या तिसऱ्या पेशंटच्या आतड्यात घातलेली दुर्बीणही अर्ध्यातूनच बाहेर काढली, हातमोजे बादलीत टाकले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "काही दिसत नाही. परत पाठवा."

पेशंटला धरून सिस्टर बाहेर घेऊन गेली. डॉक्टर चहाला गेले. खोलीत उरली छबूबाई. रबरी चादर, टेबल, फरशी, भांडं. माणूस परत पाठवला तरी त्याच्या पोटातून जे अर्धंमुर्धं बाहेर आलेलं असतं ते कुणीतरी उचलायचंच असतं, आणि असलं उचलण्यात छबूबाईची चौदा वर्षं गेली होती.

बारामतीत एका ट्रस्टचा तीस खाटांचा दवाखाना होता, तिथं ती आया होती. सगळे तिला मावशी म्हणत. सिस्टर म्हणत, डॉक्टर म्हणत, तिच्याहून दहा वर्षांनी मोठी असलेली म्हातारी माणसंही म्हणत. वय बावन्न. गुडघे संध्याकाळी सुजून नारळाएवढे व्हायचे. सकाळी सातला कामावर यायचं आणि तीनला सुटायचं, पण गुरुवारी सहा वाजल्याशिवाय सुटका नसायची, कारण गुरुवारी पुण्याहून डॉक्टर सबनीस यायचे. गाडीच्या मागच्या सीटवर दोन काळ्या पेट्या घालून, त्यात ती लांबलचक दुर्बीण. संडासातून रक्त जाणारी, महिनोन्‌महिने पोट बिघडलेली, कारण नसताना वाळत चाललेली माणसं पूर्वी तपासायला पुण्यालाच जायची. पंच्याण्णव सालापासून दुर्बीणच बारामतीला यायला लागली.

पण आतडं रिकामं नसेल तर दुर्बिणीला काय दिसणार? त्यासाठी पेशंटला एक कागद आणि पावडरीचा पुडा दिला जायचा. कागदावर छापलेलं होतं : 'तपासणीच्या पूर्वदिनी द्रवाहार घ्यावा. कोष्ठशुद्धी संपूर्ण होणे आवश्यक आहे.' रश्मी सिस्टर तो कागद पेशंटच्या हातात देऊन "नीट वाचा हं" म्हणायची आणि पुढच्याकडे वळायची. आता द्रवाहार म्हणजे काय ते कुणाला ठाऊक? एकानं पातळ म्हणून दुधात भाकरी कुस्करून खाल्ली. दुसऱ्याच्या घरी नेमकं मटण शिजलं होतं, त्यानं वाटीभर रस्साच ओरपला. तिसऱ्यानं सगळं नियमानं केलं आणि सकाळी येताना वाटेत भूक लागली म्हणून दोन पेरू खाल्ले. डॉक्टर वैतागायचे. "लोक ऐकतच नाहीत," असं दर गुरुवारी एकदा तरी म्हणायचे.

छबूबाईला वाचता येत नव्हतं. पण पेशंटची संडासाची भांडी तिच्यासमोर यायची, आणि कोण ऐकून आलंय, कोण न ऐकता, हे तिला डॉक्टरांच्या आधी कळायचं.

एकदा सोमेश्वरनगरच्या कारखान्यात काम करणारा धोंडीबा नावाचा माणूस आला. त्याची तपासणी वीस मिनिटांत झाली, डॉक्टर खूश. "असं पाहिजे," म्हणाले, "आरशासारखं." छबूबाईनं त्याला बाहेर बाकावर गाठलं.

"पावडरीचं पाणी कवा प्याला?"

तो घाबरला. "मावशी, कुणाला सांगू नगा. सांजंला समदं प्यायचं हुतं, पर निम्म्यावर उमासं यायला लागलं. मग निम्मं तसंच ठेवलं आन् पहाटं चारला उठून संपवलं."

मग पुढचे पाचसहा गुरुवार ती प्रत्येकाला हाच प्रश्न विचारत राहिली. संध्याकाळी सगळं पिऊन मोकळे झालेल्यांचं दुपारपर्यंत पुन्हा गढूळ व्हायचं. ज्यांनी या ना त्या कारणानं निम्मं पहाटेला ठेवलं, त्यांचं स्वच्छ. तिनं रश्मी सिस्टरला सांगितलं. सिस्टर चांगल्या स्वभावाची होती, पण तिच्याही मागं तीस खाटा होत्या. म्हणाली, "मावशी, कागदावर छापलंय तसं आपण सांगायचं. डॉक्टरांना कोण शिकवणार?"

छबूबाईनं पुन्हा विषय काढला नाही. तिला काही कुणाला शिकवायचं नव्हतं. तिला नुसता थकवा आला होता. तेच टेबल, तीच चादर, आणि तोच माणूस पंधरा दिवसांनी परत.

सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीत डाळजहून अक्काबाई आली.

पन्नाशीची, काटक, नऊवारी नेसलेली, डोक्यावरचा पदर जरा न ढळू देणारी बाई. मुलगा रविंद्र बारामती एमआयडीसीत दुधाच्या प्रकल्पात कामाला होता, त्यानं मोटरसायकलवरून आणलं. तीन महिने रक्त जात होतं. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. चक्कर येऊन गोठ्यात पडली तेव्हा कळलं. पहिल्या गुरुवारी डॉक्टरांनी दुर्बीण घातली आणि काढली. पंधरा दिवसांनी दुसऱ्यांदा घातली आणि काढली. या वेळी डॉक्टरांचा आवाज चढला. "आजी, पावडर प्यायची नसेल तर येता कशाला? तुमचाही वेळ जातो, माझाही."

अक्काबाई खाली मान घालून लुगडं नीट करत बसली. रविंद्र दारात उभा होता, त्याचं तोंड लाजेनं लाल झालं.

छबूबाई मागच्या नळावर चादर धूत होती. थोड्या वेळानं अक्काबाई तिथं हातपाय धुवायला आली.

"किती प्याला?" छबूबाईनं मान वर न करता विचारलं.

"समदं प्याले की."

"अक्काबाई, मी चौदा वर्सं भांडी बघतीया. मला नगा सांगू."

अक्काबाई नळाखाली हात धरून तशीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "आमचा ऊस तुटला वं बाई."

छबूबाईला काही उमगलं नाही. "म्हंजी?"

"घरामागं दोन एकर ऊस हुता. जानेवारीत टोळी आली, तोडून गेली. आता पार हायवेपतोर उघडं रान. एसटीत बसलेली माणसं दिसत्यात तितनं. बायामाणसांनी जायाचं ते पहाटं, न्हायतर सांजंला अंधार पडल्यावर. ती पावडर प्याली की धा-पंधरा येळा जावं लागतं म्हनं. दिवसाउजेडी मी कुठं जाऊ? अंधार पडल्यावर तरी किती येळा? दोन गिलास प्याले, बाकीचं लिंबाच्या बुडात वतलं. दोन्ही खेपंला."

"लेकाला सांगायचं की."

"लेकाला? असलं?"

छबूबाईनं चादर पिळली. पिळता पिळता तिला गेल्या दोन वर्षांतल्या परत पाठवलेल्या बायका आठवायला लागल्या. परत जाणाऱ्यांत बायकाच जास्त असायच्या, हे तिनं पाहिलं होतं, पण बायका घरातल्यांचं करून मग उरल्या वेळात औषध घेतात म्हणून असेल, असं ती धरून चालली होती. तिच्याच माहेरी, पळसदेवच्या बाजूला, ती वीस वर्षं टमरेल घेऊन अंधारात गेली होती. आणि तरी तिला हे सुचलं नव्हतं. तिला स्वतःचाच राग आला, पण रागवायलाही अंगात त्राण नव्हतं.

दवाखान्यात आदल्या दिवशी ठेवून घ्यावं म्हटलं तर खाट रिकामी नसायची, आणि तीस खाटांना संडास दोन, त्यातला एक कायम तुंबलेला.

"पुढल्या बुधवारी दुपारच्याला माज्या घरी या," ती म्हणाली. "माज्या घरी संडास हाय. दार लावायचा."

तोंडातून शब्द गेला आणि तिला पस्तावा झाला. गुरुवारच्या लांबलचक दिवसाआधी बुधवारी ती तीनला सुटून आडवी व्हायची.

तिचं घर आमराईत, दोन खोल्यांचं, वर पत्रा. मागच्या अंगाला संडास. तो तिच्या मुलानं, बुद्धघोषनं बांधला होता. तो इंदापूरला हायस्कुलात मास्तर होता. नोकरी लागल्यावर घर वाढवायचं ठरलं, तेव्हा त्यानं खोलीच्या आधी संडास बांधायला घेतला. छबूबाई भांडली होती. माणसं आधी खोली बांधतात, म्हणाली होती. तो म्हणाला, "आई, दिवसभर तू दुसऱ्यांचं धुतेस. तुला स्वतःला दार लावून बसायला जागा नको?"

बुधवारी चारच्या सुमाराला रविंद्र आईला घेऊन आला. त्याला दुसऱ्या पाळीला जायचं होतं, गाडी बंद न करताच तो उभा राहिला. अक्काबाई उंबऱ्यापाशी आली आणि थबकली. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, शेजारी बुद्धाचा. तिनं फोटोकडं पाहिलं, मग मुलाकडं. मुलगा गाडीच्या आरशात बघू लागला.

छबूबाईनं असे उंबरे पुष्कळ पाहिले होते. आज तिला त्यावर मन खर्च करायचं नव्हतं.

"ह्ये बगा," ती म्हणाली, "पानी माज्या माठातलं हाय. दोन लिटर प्यायचं हाय. चालत नसंल तर आत्ताच सांगा, मी बी जरा पडते."

अक्काबाईनं चपला काढल्या. "त्या पोराला जाऊ द्या कामाला," एवढंच म्हणाली आणि आत येऊन सतरंजीवर बसली.

छबूबाईचा नवरा रामहरी एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेला, दम्याचा माणूस. त्यानं काही न विचारता आपली खाट उचलून पुढच्या अंगणात नेली आणि शेजारच्याकडं बोलत बसला.

अक्काबाईनं दोन दिवसांपासून भाकरी सोडली होती. छबूबाईनंच नळावर तसं बजावलं होतं. भाकरी नको, पालेभाजी नको, शेंगदाण्याची चटणी नको, बिया असलेलं काही नको. बुधवारी सकाळपासून नुसती भाताची पेज, तीही गाळून, आणि बिनदुधाचा चहा. आता छबूबाईनं स्टीलच्या कळशीत पावडर कालवली, माठातलं गार पाणी घातलं, एका लिंबाचा रस फडक्यातून गाळून सोडला. निम्मं पाणी दुसऱ्या भांड्यात काढून झाकून ठेवलं. "ह्ये पहाटं," ती म्हणाली.

"कागदावर सांजंला समदं लिवलंय म्हनला रविंद्र."

"कागद मला वाचता येत न्हाय," छबूबाई म्हणाली.

अक्काबाईनं पहिला पेला घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अगं आई गं. मे महिन्यात उजनी आटली की काठाचं पानी असंच मचूळ लागतं."

"नाक धरा. घोट घोट नगा घिऊ, गटागटा प्या. मग वाईच फिरा."

पाऊण तासानं पोटात गडगडायला लागलं. अक्काबाई घाईनं उठली, मागं गेली, आणि आतून तिचा आवाज आला. "छबूबाई, कडी लावली तर चालंल का?"

"लावा की. त्यालाच हाय ती."

कडी वाजली. छबूबाई बाहेर पायरीवर गुडघ्यांना तेल चोळत बसली. आठ वाजेपर्यंत अक्काबाई नऊ वेळा गेली. मध्येच ओकारी आली, तेव्हा छबूबाईनं अर्धा तास पिणं थांबवलं, तोंडात लिंबाची फोड दिली, पाठ चोळली. ह्या अशा पाठी तिनं किती चोळल्या होत्या त्याची गणती नव्हती. दवाखान्यातली पाठ चोळताना ती घड्याळ बघायची. इथं बघायला घड्याळ नव्हतं, आणि अक्काबाई बोलत होती.

"मला ठावं हाय माजं काय हाय ते," ती म्हणाली. "माजी सासू असंच रगत जाऊन गेली. कुणी दावलं न्हाय तिला. म्या तवा नवी नवरी. तिचं धुनं मी धुयाची."

"तुमाला दावलंय न्हवं?"

"दावलं. पर भ्या वाटतं. परत पाठवलं की बरं वाटायचं मला, खरं सांगते. म्हणायची, चला, अजून पंधरा दीस कळायचं न्हाय."

छबूबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग पेला विसळून पालथा घातला. "निजा आता," ती म्हणाली. "पहाटं उठायचं हाय."

पहाटे साडेचारला तिनं अक्काबाईला उठवलं. उरलेलं लिटरभर पाणी सहा वाजेपर्यंत संपलं. शेवटच्या दोन पेल्यांना अक्काबाईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तिनं पेला खाली ठेवला नाही. छबूबाईनं जुनं इनॅमलचं भांडं दिलं होतं, शेवटी त्यात बस म्हणून. सहा वाजता दिवा धरून तिनं आत पाहिलं. फिकट पिवळसर पाणी, आणि खाली भांड्याचा पांढरा तळ, त्यावरचा टवका उडालेला डागसुद्धा दिसत होता.

"झालं," ती म्हणाली. तिची ड्युटी सातला होती.

साडेअकराला डॉक्टरांनी दुर्बीण घातली आणि या वेळी बाहेर काढली नाही. ती आत जात राहिली. छबूबाई अक्काबाईच्या डोक्याशी उभी होती. मध्येच डॉक्टर थांबले, पुन्हा थोडं मागं आले, डोळा दुर्बिणीला लावून बराच वेळ बघत राहिले. डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ होती. त्यांनी तिचा तुकडा काढला, पुढं टोकापर्यंत सगळं आतडं बघून घेतलं, आणि मग मागं सरले.

"तयारी कुणी केली हिची?"

रश्मी सिस्टरनं छबूबाईकडं पाहिलं. छबूबाई म्हणाली, "माज्या घरी ठिवली हुती." आणि मग, बहुतेक रात्रभराच्या जागरणानं जीभ सैल झाली म्हणून, ती बोलत गेली. तुटलेला ऊस, हायवे, अंधार. लिंबाच्या बुडात ओतलेलं पाणी. द्रवाहार म्हणून खाल्लेली दूधभाकरी. धोंडीबाचं पहाटेचं निम्मं. बोलताना ती एकीकडं भांडी गोळा करत होती, कारण पुढचा पेशंट बाहेर बसला होता.

डॉक्टर सबनीस हातमोजे न काढताच म्हणाले, "दोन वर्षं मी यांना ओरडतोय." मग सिस्टरला म्हणाले, "पहाटेचं करून बघू. आणि तो कागद मला द्या."

कागद बदलायला दोन महिने लागले. डॉक्टरांनी छबूबाईला समोर स्टुलावर बसवून विचारलं आणि ती सांगेल तसं लिहून घेतलं. भाकरी नको, पेरू नको, दूध नको. गाळलेली पेज चालेल, नारळाचं पाणी चालेल, कोरा चहा चालेल. निम्मं संध्याकाळी, निम्मं पहाटे. भांड्याचा तळ दिसेपर्यंत. ट्रस्टनं तुंबलेला संडास दुरुस्त केला आणि त्याला लागून असलेल्या दोन खाटा बुधवारी लांबच्या गावच्या बायकांसाठी राखून ठेवल्या. परत पाठवलेली माणसं कमी झाली, महिन्यात एखादं.

छबूबाईचं काम मात्र वाढलं. त्या दोन खाटांवरच्या बायकांना पहाटे उठवायला कुणीतरी हवं होतं, आणि ते तिच्याशिवाय कुणाला जमेल असं कुणालाच वाटेना. बुधवारी ती घरी जायची, भात खायची, आणि आठला परत यायची. रामहरी म्हणायचा, "नको म्हणून सांग की." ती म्हणायची, "व्हय, सांगते." पण तिनं कधी सांगितलं नाही. बायकांनी कडी लावल्याचा आवाज यायचा, आणि ती बाकावर बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची.

अक्काबाईचं ऑपरेशन पुण्याला एप्रिलमध्ये झालं. गाठ वाईट होती, पण बाहेर पसरली नव्हती. पुढं वर्षभर ती दर तीन महिन्यांनी बारामतीला दाखवायला यायची, हडकलेली, पण चालत. छबूबाईला भेटल्याशिवाय जायची नाही; फार बोलायचीही नाही, पिशवीतून चार लिंबं काढून द्यायची.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर रविंद्रनं घरामागं संडास बांधला. त्या वेळी अक्काबाईनं निरोप धाडला, एक दिवस येऊन जा म्हणून. छबूबाईला सवड मिळाली ती डिसेंबरातल्या एका रविवारी. भिगवणपर्यंत एसटी, तिथून रविंद्र मोटरसायकलवर घ्यायला आला. अक्काबाईनं स्वयंपाकघरात आपल्या शेजारी पाट मांडला, हुलग्याच्या पिठाचं गरम, पातळ माडगं केलं होतं, वर तूप. शेजारच्या दोघी डोकावून गेल्या, कोण पाहुणी म्हणून. अक्काबाईनं सांगितलं, "माजी बहीन हाय, बारामतीची."

जेवण झाल्यावर छबूबाई ओसरीवरच्या बाजेवर जरा टेकली. ऊन कोवळं होतं. अक्काबाई पानसुपारी घेऊन आली तर हिचा डोळा लागलेला, तोंड उघडं, एक पाय बाजेखाली लोंबत होता. अक्काबाईनं तो पाय उचलून वर ठेवला आणि अंगावर वाकळ टाकली. चारची एसटी गाठायची होती, म्हणून रविंद्र उठवायला आला.

"ऱ्हाऊ दे," अक्काबाई म्हणाली. "सहाच्या गाडीनं जाईल."

सहाची गाडीही गेली. छबूबाई उठली तेव्हा कंदील लागला होता आणि चुलीवर चहा उकळत होता.